लिहिले खरे, पण कळवायचे कसे?

खंडाळ्याचे नाव काढले की परगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे लोणावळ्याशेजारचे धुके, चिक्की आणि पावसाळी सहली उभ्या राहतात. १९९८ च्या ‘गुलाम’ चित्रपटातील गाण्याने त्या खंडाळ्याची कीर्ती देशभर नेली. खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी असलेला, सातारा जिल्ह्यातला आमचा खंडाळा मात्र दर वेळी ‘तो नव्हे, दुसरा’ असे सांगून ओळख करून द्यावा लागतो.

हे दुःख आजवर गप्पांपुरते होते. गेल्या वर्षी आम्ही चार मित्रांनी मराठीत ब्लॉग सुरू केला आणि त्याचा खरा चटका बसला. पहिला लेख नायगावावर होता. सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी जिथे झाला ते नायगाव आमच्याच तालुक्यात आहे. दुसरा लेख शिरवळच्या सुभानमंगळ किल्ल्यावर. आठवडाभर हिंडून, म्हाताऱ्या माणसांजवळ बसून लिहिलेले ते लेख होते. प्रसिद्ध झाल्यावर आम्ही मोठ्या उत्साहाने शोधयंत्रात ‘खंडाळा’ हा शब्द घातला, तर पुढ्यात आली ती डोंगरमाथ्यावरची बंगलेवजा हॉटेले! आमचे लेख कुठल्या पानावर गडप झाले होते कोण जाणे.

तेव्हापासून एक प्रश्न मला सतावतो आहे. लिहिणाऱ्याने लिहावे, वाचणाऱ्याने वाचावे, हे ठीक. पण नवे काही लिहिले गेले आहे ही दवंडी कुणी पिटायची?

यावर मित्रांचे उत्तर ठरलेले असते. “टाक की ग्रुपवर!” आम्ही टाकलेही. सकाळच्या सुविचारांत आणि वाढदिवसाच्या केकांत आमचा नायगावचा लेख तासाभरात वाहून गेला. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रसारण यादीत माणसे मावतात २५६, आणि त्यांतही ज्याने आपला क्रमांक जपून ठेवला असेल त्यालाच निरोप पोहोचतो. २०१८ मध्ये अफवांना आळा घालण्यासाठी भारतात पुढे पाठवण्यावर एका वेळी पाच जणांची मर्यादा आली. ती योग्यच होती. पण नियम कोण करतो आणि कोण पाळतो, हे त्यातून कळून चुकले. दुसऱ्या एका समाजमाध्यमावर आम्ही पान काढले. ते आवडल्याची खूण करणारे पुष्कळ निघाले. मात्र नवा लेख त्यांतल्या किती जणांना दाखवायचा हे कंपनीचे गणित ठरवी. पैसे भरा, म्हणजे अधिक जणांना दाखवू, असेही सुचवण्यात येई. विद्यार्थ्यांनी पैसे कुठून भरावेत?

अशा वेळी संगणकशाळेत बसून शोधाशोध करताना मला ‘फीड’ या प्रकाराचा पत्ता लागला. त्याचे इंग्रजी नाव आरएसएस. (या आद्याक्षरांचा नागपूरशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. मित्रांनी पुरेसे छळून झाले आहे.) १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत त्याचा जन्म झाला. डिसेंबर २००० मध्ये त्याची १.० आवृत्ती निघाली. ती तयार करणाऱ्यांत अ‍ॅरन स्वार्ट्झ हा अवघ्या चौदा वर्षांचा मुलगा होता. आपण त्या वयात काय करत होतो हे आठवून पाहिले, आणि तो विषय तिथेच सोडला.

फीडची कल्पना अगदी साधी आहे. ब्लॉगच्या बाजूला एक छोटी फाइल आपोआप तयार होत असते. तीत ताज्या लेखांची शीर्षके, तारखा आणि दुवे असतात. वाचकाच्या संगणकावरील फीडवाचक ठरावीक वेळाने तिच्यात डोकावतो आणि नवे काही दिसले की मालकाला सांगतो. थंडरबर्ड, लाइफरिया यांसारखे फीडवाचक मुक्तस्रोत आहेत, म्हणजे त्यांची मूळ संहिता कुणीही वाचावी, सुधारावी, वाटावी. दाम एक पैसाही नाही. लेखकाच्या बाजूनेही अशी साधने झाली. ‘ओपन लाइव्ह रायटर’ हे मायक्रोसॉफ्टचे जुने लेखनसाधन डिसेंबर २०१५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्यात लेख संगणकावरच लिहून ठेवता येतो, लाइन आली की चढवता येतो. चढवताच ‘येथे नवे काही आहे’ असा छोटासा निरोप, ज्याला पिंग म्हणतात, तो ठरवलेल्या ठिकाणी आपोआप पाठवण्याचीही सोय त्यात आहे. ज्या गावात वीज आणि नेटवर्क पाहुण्यासारखे येतात-जातात, तिथे या सोयीची किंमत शहरातल्या माणसाला कळायची नाही.

मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खेड्यातून ‘दीनमित्र’ चालवला. पुण्या-मुंबईच्या वर्तुळाबाहेर राहून पत्र चालवायचे, तर संपादकाला आपला वर्गणीदार स्वतःच जोडावा आणि जपावा लागतो. वर्गणीदारांची वही हीच त्याची खरी दौलत. समाजमाध्यमावर पान काढतो तेव्हा आपण ती वहीच दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवतो. फीडमध्ये याच्या उलट होते. वही लेखकाजवळही नसते, वाचकाजवळ असते. काय वाचायचे ते तो ठरवतो, नको झाले की नाव खोडतो, आणि मध्ये उभा राहून कोणी वाटा मागत नाही.

मध्यस्थाच्या तिजोरीचा भरवसा किती, तेही गेल्या काही वर्षांत दिसले आहे. ‘गूगल रीडर’ १ जुलै २०१३ रोजी बंद झाला. ब्लॉगचा नवा लेख वाचकाला ई-मेलने कळवणारी ‘फीडबर्नर’ची सोय २०२१ मध्ये काढून घेण्यात आली, ब्लॉगस्पॉटवरच्या कितीतरी मराठी लेखकांची भिस्त तिच्यावर होती. २०२३ मध्ये ट्विटरने बाहेरच्या साधनांसाठीचा मोफत प्रवेश थांबवला आणि आपोआप दवंडी देणारी अनेक साधने मुकी झाली. फीड मात्र चालूच राहिले. गूगल रीडर मिटला तेव्हा शहाण्या वाचकांनी आपली यादी उतरवून घेतली आणि दुसऱ्या साधनात भरली, इतकेच.

मराठीसाठी आणखी एक अडचण आहे. लघुसंदेशात रोमन अक्षरे १६० बसतात, देवनागरी फक्त ७०. दुव्याची तर गंमतच होते. ‘खंडाळा’ या शब्दात काना-अनुस्वार धरून सहा चिन्हे. दुवा चिकटवला की त्यांची ५४ रोमन अक्षरे, अंक आणि टक्केचिन्हे होतात! असला दुवा पाहून आमच्या मामांनी “हा काय व्हायरस पाठवलास?” म्हणून फोन केला होता. फीडवाचकात मात्र शीर्षक शुद्ध देवनागरीत दिसते, शेपूट आत दडलेले राहते.

आता आक्षेप. घरी संगणक आहेच कोणाकडे, सगळे मोबाइलवर वाचतात, असे कोणी म्हणेल. खरे आहे. परंतु फीड मोबाइलवरही वाचता येते. आणि संगणक घरी नसला तरी महाविद्यालयात आहे. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. दवंडीचे साधन हाती आले की माणूस ऊठसूट दवंडी पिटतो. पिंगच्या बाबतीत हेच घडले. जाहिरातीसाठी रचलेल्या पोकळ ब्लॉगांनी या निरोपांचा चिखल केला. म्हणून शंभर ठिकाणी आरोळी ठोकणारी साधने मला नकोत. ज्याने ‘कळव’ म्हटले आहे त्यालाच कळवावे.

आमच्या भित्तिपत्रकाचे पाहा. मुले जीव ओतून लिहितात, पंधरवड्याने कागद उतरतो आणि कपाटात जातो. तोच मजकूर ब्लॉगवर ठेवला, तर नोकरीसाठी पिंपरीला गेलेला माजी विद्यार्थीही तो वाचू शकेल. संगणकशाळेतील एका यंत्रावर थंडरबर्ड बसवून तालुक्यातल्या आणि जिल्ह्यातल्या मराठी ब्लॉगांची यादी भरावी, अशी विनंती मी ग्रंथालयाकडे केली आहे. परवानगी अजून यायची आहे. तोवर आमच्या फीडचा पत्ता ग्रंथालयाबाहेरच्या फळ्यावर, डाव्या कोपऱ्यात खडूने लिहून ठेवला आहे. कुणी पुसला, तर पुन्हा लिहीन.