छंदांच्या दुनियेत : लेन्सचा श्वास

मंडळी, आईची नथ लेकीला द्यायची ठरली. म्हटलं, देण्याआधी एक झकास फोटो काढून ठेवावा. पण मूळ आकाराएवढी प्रतिमा घ्यायची, तर एफ ८ वरही जेमतेम १ मिलिमीटर खोली स्पष्ट येते. मोती छान, तर मागची तार धूसर! म्हणून फोकसची रिंग जराजरा फिरवत ३० फोटो काढले आणि त्यांतले स्पष्ट भाग संगणकाकडून जोडून घेतले. बघते तर कडेचा मोती ओढल्यासारखा पसरलेला.

झालं काय, फोकस बदलला की बऱ्याच लेन्समध्ये चित्राचा आकारही किंचित बदलतो. यालाच लेन्सचा ‘श्वास’ म्हणतात. झेरीन स्टॅकरसारखा प्रोग्रॅम सगळे फोटो एका मापाचे करतो खरा. पण काही फोटोंत तो मोती चौकटीबाहेरच राहिला होता. जे टिपलंच नाही, ते तो आणणार कुठून?

उपाय सोपा. आधी पहिला आणि शेवटचा फोटो काढून बघा. ज्यात चौकट अरुंद दिसेल, त्यातही चारी बाजूंना मोकळी जागा सोडा. जास्तीची कड नंतर कापता येते, हरवलेला मोती परत येत नाही.

नथ आता लेकीकडे आहे. दिवाळीला घालून येईल, तेव्हा पुन्हा प्रयत्न!