पंपावरच्या चुका आणि त्यांची वसुली

पेट्रोल पंपावरचे प्रमाद ऐकणाऱ्यास हसू आणतात. टाकीचे तोंड डावीकडे आणि गाडी लावलेली भलत्याच बाजूस. मग नळी गाडीवरून ओढून पाहायची, ती पुरत नाही, आणि मागच्यांचे भोंगे ऐकत गाडी पुन्हा वळवायची. कोणी पैसे चुकते करून नळी टाकीत असतानाच गाडी हाकतो. ताण पडताच सुटणारा सांधा नळीला असतो, तो अशाच घाईखोरांसाठी.

फोर्ड कंपनीतील जिम मॉयलन या अभियंत्याने १९८६ साली कंपनीची गाडी पंपाच्या नको त्या बाजूस उभी केली आणि तो पावसात भिजला. परतल्यावर त्याने टिपण लिहिले : इंधनदर्शक काट्याशेजारी टाकीची बाजू दाखविणारा छोटा बाण असावा. आज तो जगभरच्या असंख्य गाड्यांत दिसतो. खर्च जवळजवळ शून्य, सोय कोट्यवधींची.

सर्वच चुका इतक्या स्वस्तात सुटत नाहीत. डिझेलची नळी साधारणतः जाड असल्याने पेट्रोलच्या गाडीच्या अरुंद तोंडात सहसा शिरत नाही. पेट्रोलची बारीक नळी मात्र डिझेलच्या टाकीत सुखाने जाते. गाडी सुरू केली नसेल तर टाकी रिकामी करून भागते. सुरू केली, तर डिझेलच्याच वंगणावर चालणारा उच्च दाबाचा पंप झिजतो आणि दुरुस्तीचा आकडा मालकाचा घसा कोरडा करतो.

पाश्चात्त्य देशांत बहुधा मालक स्वतः इंधन भरतो. तेव्हा हसेही त्याचे आणि भुर्दंडही त्याचाच. आपल्याकडे नळी पंपावरच्या पोराच्या हाती असते. मालक काच अर्धी खाली करून ‘हजाराचे टाक’ एवढेच म्हणतो, कशाचे ते सांगत नाही, आणि पाटीवर मनाई असूनही फोनवर बोलत राहतो. एकाच नावाची, एकाच रंगाची गाडी दोन्ही इंधनांत मिळते, ती पोराने ओळखायची कशी? चूक झाली की आवाज चढतो तो त्याच्यावर, आणि पगारातून कापून घेणे हा पंपचालकाला सर्वांत सोपा उपाय वाटतो. वस्तुतः कामगाराला बाजू मांडू दिल्याशिवाय नुकसानीची वजावट करता येत नाही. ही तरतूद १९३६ च्या वेतन कायद्यात होती, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पण महिनाअखेर ती संहिता दाखवून मालकाशी वाद घालण्याची त्या पोराची ऐपत नसते.

पेट्रोल व सीएनजीसाठी फिकट निळी आणि डिझेलसाठी नारिंगी चिठ्ठी समोरच्या काचेवर लावण्याचा नियम १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना लागू आहे. पोरगा उभा असतो तो टाकीपाशी. तोच रंग टाकीच्या झाकणावर बाहेरून लावणे सक्तीचे केले, तर कारखानदाराला चार पैसे पडतील. आज तो खर्च ज्याच्याकडून वसूल होतो, त्याच्या दृष्टीने ती महिन्याची कमाई असते.