रिफ्रेश मारून बघा, मगच वेबसाइटचा शेवटचा हप्ता द्या

वेबसाइट बनवून घेताना आपण रंग बघतो, लोगो बघतो, ‘मोबाइलवर नीट दिसते ना?’ एवढं विचारतो. ऑर्डरचं बटण दाबल्यावर पुढे काय होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे की छोट्या धंद्याचं नुकसान तिथंच होतं.

समजा, तुम्ही आर्वीचे आहात. आपल्याकडच्या आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास पुण्याच्या घरांत थेट पाठवायची आहेत. पुण्यातल्या एका ताईंनी दहा किलोची पेटी मागवली, पैसे माल मिळाल्यावर. ‘धन्यवाद’ असं पान आलं. नेट हळू होतं, पान अर्धवट उघडलं, म्हणून त्यांनी रिफ्रेश केलं. ब्राउझरनं विचारलं, फॉर्म परत पाठवायचा का? असले प्रश्न कोण वाचतं हो! त्यांनी हो म्हटलं. तुमच्याकडे दोन ऑर्डर आल्या. तुम्ही खुशीत दोन पेट्या पाठवल्या. ताईंनी एक घेतली, दुसरी परत. संत्रं म्हणजे काही स्टीलचा डबा नाही. पेटी आर्वीला परत येईपर्यंत त्यातलं विकण्यासारखं किती उरणार? वर जाण्यायेण्याचं भाडं तुमच्याच खिशातून.

यात ताईंची काही चूक नाही. फॉर्म पाठवतात त्याला तांत्रिक भाषेत ‘पोस्ट’ म्हणतात. सर्व्हरनं ऑर्डर नोंदवली आणि त्याच पोस्टचं उत्तर म्हणून ‘धन्यवाद’ दाखवलं, तर ब्राउझरच्या लेखी शेवटचं काम ‘फॉर्म देणे’ हेच राहतं. रिफ्रेश म्हणजे शेवटचं काम पुन्हा करणं. म्हणून फॉर्म पुन्हा जातो.

उपाय जुना आहे. ऑर्डर नोंदवून झाली की सर्व्हरनं पान द्यायचंच नाही, ‘आता त्या पत्त्यावर जा’ एवढंच सांगायचं. याला रिडायरेक्ट म्हणतात, त्याचा नेमका कोड 303, बरेच जण 302 वापरतात. ब्राउझर नव्या पत्त्यावर जाऊन पावतीचं पान साध्या ‘गेट’नं आणतो. मग ताईंनी शंभर वेळा रिफ्रेश केलं तरी पावतीच दिसेल. एसटीच्या खिडकीवर तिकीट दिलं की ‘चला, बाजूला व्हा’ म्हणतात ना, तसंच.

तुमची साइट पायथनमध्ये असेल तर बहुतेक जँगो किंवा फ्लास्कवर असेल. जँगो अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या लॉरेन्स शहराच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलं आणि 2005 साली सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याच्या नवशिक्यांसाठीच्या धड्यांतच लिहिलंय की पोस्ट यशस्वी झाल्यावर नेहमी रिडायरेक्ट करा. दोन्हीकडे हे काम एका ओळीचं आहे. त्याचे कुणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका.

आता, पाठवायचं कुठं? होम पेजवर तर अजिबात नको. ग्राहकाला वाटतं ऑर्डर लागलीच नाही, आणि तो परत पहिल्यापासून सुरू करतो. त्या ऑर्डरचं स्वतःचं पान हवं: ऑर्डर नंबर, माल, रक्कम, पेटी कधी निघणार, तुमचा फोन. पण पानाच्या पत्त्यात साधा 41 नंबर नको. कुणी 41 चा 40 केला तर आधीच्या ग्राहकाचं घर आणि मोबाइल त्याच्यासमोर! लांबलचक, अंदाज न येणारा क्रमांक ठेवायला सांगा. पिनकोड चुकला असेल तर मात्र रिडायरेक्ट नको. भरलेलं सगळं तसंच ठेवून तोच फॉर्म दाखवायचा.

काही जण फॉर्म भरला की सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर नेतात. चालेल, पण आधी ऑर्डर स्वतःच्या साइटवर नोंदवा. कारण व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मेसेज नुसता टाइप होऊन येतो. ग्राहकानं ‘पाठवा’ दाबलं नाही तर तुम्हाला काहीच कळत नाही.

आणि हो, घाईत दोनदा बटण दाबणाऱ्याला रिडायरेक्ट आवरू शकत नाही. त्यासाठी पहिल्या टिचकीला बटण बंद व्हावं, आणि फॉर्मसोबत एकदाच चालणारा टोकन असावा, जो सर्व्हर तपासेल. प्रोग्रामरला हेच शब्द सांगा, त्याला कळेल.

साइट ताब्यात घेताना त्याला शेजारी बसवा. स्वतःच्या मोबाइलवरून एक पेटी मागवा, ‘धन्यवाद’ आलं की तीनदा रिफ्रेश करा, मग ऑर्डरची यादी उघडा. एकच ओळ दिसली तर शेवटचा हप्ता द्या. जास्त दिसल्या तर लॅपटॉप त्याच्याकडे सरकवा.