अहिफेन, व्यसन आणि आपले उत्तरदायित्व

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. महामार्गालगतच्या आमच्या तालुक्याच्या गावी एक मालमोटारचालक माझ्याकडे अतिसाराची तक्रार घेऊन आला. वय तिशीच्या आसपास. दिवसाकाठी आठ-दहा वेळा द्रवमलप्रवृत्ती, पोटात मुरडा, अंगमर्द, नाका-डोळ्यांतून पाणी, एकामागून एक जांभया आणि तीन रात्री झोप नाही, अशी लक्षणे होती. अतिसारास प्रतिश्यायाची जोड आहे, असे समजून मी कर्पूररस दिला. दुसऱ्या दिवशी तो हसतमुखाने आला. मलप्रवृत्ती थांबली होती, झोप लागली होती, अंगदुखीही गेली होती. इतका त्वरित गुण पाहून कोणत्या वैद्यास समाधान वाटणार नाही? पुढील दोन महिन्यांत तो आणखी तीन वेळा तीच तक्रार घेऊन आला आणि तिन्ही वेळा त्याच औषधाने बरा झाला.

पाचव्या वेळी त्याच्याऐवजी त्याची पत्नी आली. तिने पिशवीतून एक रिकामी डबी काढून मेजावर ठेवली. ती कामिनीविद्रावण रसाची होती. "दिवसाला दहा-बारा गोळ्या लागतात, डॉक्टर. बंद केल्या की दुसऱ्या दिवशी तुमच्याकडं येतात," एवढेच ती म्हणाली. मी जुनी नोंदवही काढली. दीड वर्षापूर्वी शीघ्रपतनासाठी त्या गोळ्या मीच दोन आठवड्यांपुरत्या लिहून दिल्या होत्या. पुढे मात्र त्याला चिठ्ठीची गरज कधी भासली नाही. गावोगावच्या दुकानांत, धाब्याशेजारच्या टपऱ्यांत त्या मिळत राहिल्या.

मी ज्याला अतिसार समजलो, तो अहिफेन थांबल्यामुळे शरीराने मांडलेला आकांत होता. आणि मी दिलेल्या कर्पूररसातही अहिफेनच होते. म्हणजे मी व्याधी बरा केला नव्हता, त्याची भूक तेवढी भागविली होती. हा प्रसंग मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. अशी डबी मेजावर येण्याची वाट न पाहता आपण सर्वांनी आपल्या फळीवरील औषधांकडे एकदा नव्याने पाहावे, यासाठी सांगतो आहे.

दोष द्रव्याचा की व्यवहाराचा?

चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या संहितांत अहिफेन आढळत नाही. शार्ङ्गधरसंहितेपासून त्याचा उल्लेख सुरू होतो. व्यवायी द्रव्यांचे उदाहरण म्हणून शार्ङ्गधराने भांगेबरोबर अहिफेनच घेतले आहे. पचनापूर्वीच सर्व शरीर व्यापणारे द्रव्य, हे त्याचे वर्णन आजही अचूक वाटते. रसशास्त्राने त्यास उपविषांत स्थान दिले आणि शोधनाचा आग्रह धरला. आपल्या पूर्वाचार्यांना या द्रव्याचा गुण ठाऊक होता, तसाच त्याचा धाकही होता.

कायद्यालाही तो आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये अहिफेनाचा समावेश आहे. अशा द्रव्यापासून केलेल्या, पोटात घ्यावयाच्या औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, ही सूचना इंग्रजी व हिंदीत ठळक छापणे नियम १६१ नुसार बंधनकारक आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात अफूची जी व्याख्या आहे, तीतून ०.२ टक्क्यांपर्यंत मॉर्फीन असलेली कल्पे तेवढी वगळली आहेत. त्याहून अधिक मॉर्फीन असलेले कल्प फळीवर ठेवणाऱ्याने आपण कोणत्या कायद्याच्या कक्षेत उभे आहोत, हे जाणून घ्यावे.

परंतु व्यवहार पाहिला तर ती सूचना डबीवरच राहते. ॲलोपॅथिक दुकानास विक्रीचा परवाना लागतो, औषधनिर्माता ठेवावा लागतो. आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीस तसे बंधन नाही. "आयुर्वेदीय आहे, अपाय नाही," हे वाक्य आपण इतक्या वेळा उच्चारले आहे, की ग्राहकाने ते अहिफेनकल्पांनाही लागू केले तर दोष त्याचा कसा? या गोळ्या सीमेपलीकडेही गेल्या. ऑस्ट्रेलियात तेथील औषध नियंत्रकांना कामिनीविद्रावण रसाविषयी जाहीर इशारा द्यावा लागला आणि या गोळ्यांमुळे अवलंबित्व जडलेल्या रुग्णांची वृत्ते वैद्यकीय नियतकालिकांत छापली गेली. परदेशातील डॉक्टरने आयुर्वेदाचे नाव प्रथम अशा वृत्तातून वाचावे, ही आपल्यासाठी भूषणाची गोष्ट नव्हे.

अहिफेनाचा समूळ निषेध करा, असे माझे म्हणणे नाही. कर्करोगाच्या असह्य वेदनेत मॉर्फीनइतका आधार क्वचितच मिळतो आणि ते रुग्णापर्यंत सुलभतेने पोहोचावे म्हणून २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्तीही केली. प्रश्न द्रव्याचा नाही. ते कोण, कोणास, किती दिवस आणि कोणाच्या देखरेखीखाली देतो, हा आहे.

कलंकाचे ओझे

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूवर्गीय पदार्थांचे सेवन करीत होते आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना त्यासाठी उपचारसाहाय्याची गरज होती. या वर्गात अफू व हेरॉइन आहे, तशीच वेदनाशामक औषधेही आहेत. ट्रॅमाडॉलसारखे सर्रास मिळणारे औषध २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावे लागले, यावरूनच औषधाच्या वाटेने येणारे व्यसन किती वाढले होते, ते कळावे.

या लाखोंपैकी बहुसंख्य उपचारापर्यंत पोहोचत नाहीत. याचे एक मोठे कारण लाज हे आहे. मधुमेही रुग्णाची साखर पुन्हा वाढली तर आपण मात्रा तपासतो. व्यसनाच्या रुग्णाने पुन्हा सेवन केले तर मात्र त्याचे चारित्र्य तपासतो. 'गर्दुल्ला', 'अफिमी', 'वाया गेलेला' हे शब्द घरातून, गावातून आणि कित्येकदा आपल्या चिकित्सालयातूनही त्याच्या कानी पडतात. माझा तो रुग्ण दोन महिने माझ्यासमोर बसून अतिसाराचीच कथा सांगत राहिला. खरे सांगितले तर वैद्य दाराबाहेर काढील, अशी त्याला भीती होती. ती मी त्याच्या मनात घातली नसेन, परंतु ती काढण्यासाठीही मी काही केले नव्हते. गोळ्यांविषयी एक साधा प्रश्न मी विचारला असता तर चार वेळची फसगत टळली असती.

चरकाचार्यांनी वैद्यवृत्तीत आर्तांविषयी मैत्री व कारुण्य सांगितले आहे. विमानस्थानात शिष्यास दिलेल्या उपदेशात रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर सांगू नये, असे स्पष्ट बजावले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने हीच गोपनीयता रुग्णाचा हक्क म्हणून मान्य केली आणि मद्य व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक स्थितींचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश केला. अमली पदार्थांच्या कायद्यातील कलम ६४ अ नुसार, केवळ सेवनाचा अथवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनाधीन मनुष्य शासकीय वा शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेऊ लागला, तर त्यास खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. पोलिसांच्या भीतीने रुग्णास लपविणाऱ्या कुटुंबास ही गोष्ट आपण सांगितली पाहिजे.

उपचार कोणता?

येथे आपल्या काही बंधूंचा माझ्याशी मतभेद होईल. अफूवर्गीय पदार्थांच्या अवलंबित्वात बुप्रेनॉर्फीन अथवा मेथाडोन यांनी केलेला दीर्घकालीन उपचार आज सर्वाधिक आधार असलेला उपचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. बुप्रेनॉर्फीन जिभेखाली ठेवतात. त्याचा परिणाम दीर्घकाळ टिकतो, मात्र एका मर्यादेपुढे वाढत नाही. त्यामुळे रुग्णाची तळमळ शमते, तो कामावर जाऊ शकतो आणि अतिमात्रेचा धोका घटतो.

"म्हणजे एक नशा सोडवून दुसरी लावायची," हा आक्षेप मीही पूर्वी घेत असे. परंतु दर चार तासांनी गोळी शोधत फिरणारा मनुष्य आणि दिवसातून एकदा औषध घेऊन संसार चालविणारा मनुष्य, हे एकाच तराजूत घालता येत नाहीत. अधिक गंभीर बाब अशी, की केवळ आठ-दहा दिवस औषध तोडून घरी पाठविलेल्या रुग्णाची सहनशक्ती उतरलेली असते. तो पुन्हा सेवनाकडे वळला आणि त्याने जुनीच मात्रा घेतली, तर श्वसन मंदावून मृत्यू येऊ शकतो. म्हणून 'सात दिवसांत व्यसनमुक्ती' असा फलक लावणे हे नुसते अतिशयोक्त नाही, धोक्याचेही आहे. रुग्णाच्या नकळत जेवणात मिसळावयाच्या चूर्णांविषयी तर काय लिहावे? ज्या चिकित्सेचा आरंभच रुग्णास फसवून होतो, ती त्याचा विश्वास कसा परत आणणार?

मग आयुर्वेदाचे स्थान कोणते? ते निश्चित आहे. सवयीची गोष्ट एकदम सोडल्याने व्याधी उद्भवतात, हे वाग्भटांनी सांगितले. अहितकर सवय टप्प्याटप्प्याने सोडण्याचा पादांशिक क्रम चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहे आणि सत्त्वावजय चिकित्साही त्याच स्थानात आहे. या तत्त्वांवर आपण रुग्णाचा अग्नी, निद्रा, आहार, दिनचर्या व मनोबल सावरू शकतो. जुन्या मलावष्टंभाने, कृशतेने गांजलेल्या या रुग्णास त्याची नितांत गरज असते. मात्र पादांशिक क्रमाच्या नावाखाली घरच्या घरी अहिफेनकल्पांची मात्रा ठरवीत बसणे, अथवा आपल्या कल्पांनी बुप्रेनॉर्फीनची जागा घेता येते असे सांगणे, यास आज आपल्यापाशी पुरेसा आधार नाही. तो मिळवावयाचा असेल तर आपल्या महाविद्यालयांनी रीतसर अभ्यास हाती घ्यावेत. तोवर मानसोपचारतज्ज्ञाच्या बरोबरीने उभे राहण्यात कमीपणा नाही.

आपण काय करावे?

औषधालय चालविणाऱ्या बंधूंना माझी विनंती आहे, की अहिफेनयुक्त प्रत्येक कल्प वेगळ्या कपाटात ठेवावा, वैद्याच्या दिनांकित चिठ्ठीविना देऊ नये आणि प्रत्येक विक्रीची नोंद ठेवावी. एकच ग्राहक वारंवार येऊ लागला तर त्यास ओरडून हाकलू नये. तो दुसऱ्या दुकानात जाईल, एवढेच त्यातून साधेल. त्यास बाजूला घेऊन विचारावे. चिकित्सकांनी असा कल्प लिहिताना कालमर्यादा लिहावी आणि रुग्णास घटक समजावून सांगावा. पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या अतिसारात जांभया, अश्रू, रोमांच व अनिद्रा दिसली, तर शांतपणे गोळ्यांविषयी विचारावे. रुग्ण गुंगीत असून बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या आणि श्वास मंद असेल, तर कोणतेही औषध तोंडाने देण्यात वेळ न दवडता तत्काळ रुग्णालयात हलवावे. नॅलोक्सोन हे उताऱ्याचे औषध तेथेच मिळेल.

रुग्णास पाठवावयाचे कोठे, हेही ठाऊक हवे. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग हे पहिले ठिकाण. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक दर्शनी भागात लावावेत. पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' कार्य करीत आहे. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी ते उभे केले, तेव्हा शहरात गर्दची साथ पसरली होती आणि त्या तरुणांकडे रुग्ण म्हणून पाहणारे थोडेच होते. ती दृष्टी उसनी घेण्यास आपल्याला चाळीस वर्षे लागू नयेत.

माझ्या त्या रुग्णास मी स्वतः जिल्ह्याच्या रुग्णालयात घेऊन गेलो. वाटेत मी त्यास पहिली चिठ्ठी माझीच होती, हे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग तुम्ही मला ओरडणार नाही." आज तो जिभेखालचे औषध अल्प मात्रेत नियमित घेतो, जवळच्या फेऱ्या करतो आणि महिन्यातून एकदा माझ्याकडे अग्निमांद्य व झोपेसाठी येतो. मधे एकदा त्याचा तोल गेला होता. ती गोष्ट या वेळी त्याने आपणहून सांगितली.