अकरांतील एक

युद्धामुळे ज्याचे गाव सुटले, त्याला प्रथम अन्न, वस्त्र आणि निवारा हवा, याविषयी दुमत होणार नाही. अशा माणसापुढे चेंडू टाकणे ही त्याची थट्टाच होय, असेही कोणी म्हणेल. परंतु पोट भरले, डोक्यावर छप्पर आले, तरी परक्या गावात आपल्याला नावाने हाक मारणारे कोणी नाही, हे दुःख उरतेच. त्या दुःखावर खेळ हा एक चांगला उपाय आहे.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहराजवळ, क्लार्कस्टन नावाचे लहानसे गाव आहे. १९९० नंतर तेथे सुदान, सोमालिया, लायबेरिया, बोस्निया, अफगाणिस्तान अशा अनेक देशांतील निर्वासित येऊन राहिले. २००४ साली जॉर्डनमध्ये जन्मलेल्या लुमा मुफ्लेह यांना तेथे काही मुले फाटक्या चेंडूने, अनवाणी खेळताना दिसली. त्यांनी स्वतःही एके काळी अमेरिकेत आश्रय मागितला होता. त्यांनी या मुलांचा फुटबॉल-संघ उभारला. नियम कडक होते. सरावाबरोबर अभ्यासही केलाच पाहिजे. देशादेशांचे कंपू होऊ द्यावयाचे नाहीत. ज्यांच्या मायदेशी शेजारी शेजाऱ्याचा वैरी झाला होता, ती मुले येथे एकमेकांकडे विश्वासाने चेंडू देऊ लागली.

गावात सर्वांनाच हे रुचले नाही. गावच्या उद्यानात फुटबॉल खेळता येणार नाही, असे २००६ साली नगराध्यक्षांनी बजावले. गावाचे रूप पालटताना पाहून जुन्या रहिवाशांचे मन धास्तावते, हे समजण्यासारखे आहे. पण त्या भीतीची शिक्षा मुलांना का? मुले मात्र खडबडीत जागेवर खेळत राहिली. काही खेळाडूंना नीट वाचताही येत नाही, हे ध्यानात आल्यावर मुफ्लेह यांनी पुढे निर्वासित मुलांसाठी शाळाच काढली.

फुटबॉलमुळे गेलेले घर परत मिळत नाही, की आश्रयाचा अर्जही मंजूर होत नाही. मात्र अकरांतील एक झालेल्या मुलावर उरलेल्या दहांची भिस्त असते. निर्वासिताला दया पुष्कळ मिळते. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, हे समाधान क्वचितच मिळते. म्हणून ज्या गावाला अशा पाहुण्यांना मदत करावयाची असेल, त्याने धान्याच्या कोठाराबरोबर मैदानाचे फाटकही उघडावे.