नकाराचा अधिकार

अंटार्क्टिकावर ‘मैत्री-२’ नावाचे नवे संशोधन केंद्र उभारण्याचा मनोदय भारत सरकारने मे २०२४ मध्ये कोची येथे भरलेल्या अंटार्क्टिक करार-राष्ट्रांच्या परिषदेत जाहीर केला. त्यावर आमच्या काही मित्रांची प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणेच होती. ज्या देशात सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचण्यासाठी दोनशे किलोमीटरचा जंगलरस्ता तुडवावा लागतो, त्या देशाने ध्रुवप्रदेशातील बर्फात घरे बांधण्याची चैन का करावी, असा त्यांचा सवाल आहे. सवाल गैर नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब समाजवाद्यांनी मागितलाच पाहिजे. परंतु हा हिशेब नीट मांडू गेल्यास तो बर्फावर थांबत नाही. तो थेट सिरोंच्याच्या नदीकाठी येऊन पोहोचतो.

भूगोलाचे नाते तर जुनेच आहे. भूगर्भशास्त्रज्ञांनी ज्या प्राचीन महाखंडाला गोंडवनालँड म्हटले, त्याचे नाव आमच्या गोंडांच्या भूमीवरून आले, आणि अंटार्क्टिका हा त्याच महाखंडाचा तुकडा होय. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती मरण पावले, तेव्हा त्यांच्या प्रेतांजवळ सुमारे सोळा किलो दगड सापडले. उपासमारीतही त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लोसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. वर्धा खोऱ्यातला, चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसा याच वनस्पतींच्या युगातला. सिरोंच्याजवळ प्राणहितेकाठच्या कोटा गावाचे नाव तर जगभरच्या भूशास्त्राच्या ग्रंथांत आहे. तेथील खडकांतील माशांच्या जीवाश्मांची चर्चा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेली आहे. त्याच थरांत, नदीपलीकडे आजच्या तेलंगणात, बारापासॉरस या महाकाय डायनोसॉरची हाडे निघाली आणि १९७५ मध्ये त्याला रवींद्रनाथ टागोरांच्या स्मरणार्थ नाव मिळाले. अंटार्क्टिकाच्या पर्वतांतून निघालेला क्रायोलोफोसॉरसही साधारण त्याच युगातला. दोन्ही एकाच भूखंडावर वावरले.

या दोन तुकड्यांना माणसांनी लावलेले कायदे मात्र अगदी निराळे आहेत, आणि आम्हांला बोलायचे आहे ते त्याविषयी.

भारताची पहिली मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. (त्याच वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, दिल्लीला दोन्हींपैकी कोणते ठिकाण अधिक जवळचे वाटले, हे सांगणे अवघड आहे.) १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले ठाणे उभे राहिले. त्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत होत्या. त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया. दक्षिण गंगोत्री हिमाच्या थरावर बांधली होती; काही वर्षांतच ती बर्फाखाली गाडली जाऊन १९९० मध्ये बंद झाली. त्याआधीच १९८९ मध्ये शिर्माकर टापूतील उघड्या खडकावर ‘मैत्री’ उभी राहिली होती, आणि २०१२ मध्ये लार्समन टेकड्यांवर ‘भारती’ सुरू झाली. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र हा सारा कारभार पाहते.

मैत्रीवर हिवाळ्यात पंचवीसेक माणसे राहतात. दोन महिन्यांच्या आसपास सूर्य क्षितिजावर येतच नाही. पाणी जवळच्या सरोवरातून. धान्य, इंधन आणि यंत्रांचे सुटे भाग वर्षातून एकदा येणाऱ्या जहाजातून. मग पुढचे जहाज येईपर्यंत जे आहे त्यात भागवायचे. पैशाला तेथे काही अर्थ नाही, कारण विकत घेण्याजोगे काही नाही. स्वयंपाकघरातील आणि साफसफाईच्या कामाची पाळी विद्वानालाही चुकत नाही. जाळून टाकता न येणारा कचरा परत जहाजात भरून आणावा लागतो. १९९४ पर्यंत स्लेज ओढणारी कुत्रीसुद्धा त्या खंडावरून हलविण्यात आली, कारण ती त्या भूमीची नव्हेत. मूठभर माणसांना तेथे निसर्गाची इतकी मर्यादा पाळता येते, यात कोणताही चमत्कार नाही. नियम आहे, तो सर्वांना सारखा आहे, आणि तो मोडल्यास मिळणारा नफा कोणाच्याही खिशात जात नाही.

त्या कष्टांचे फळही मोठे आहे. ओझोनच्या थराला पडलेले खिंडार ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये जाहीर केले ते अंटार्क्टिकातील हॅली ठाण्यावरच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून, आणि दोनच वर्षांत मॉन्ट्रियलचा करार झाला. आठ लाख वर्षांच्या हवेचा इतिहास तेथील बर्फाच्या गाभ्यांतून वाचता आला. कार्बन वायूच्या आजच्या प्रमाणाची तुलना आपण करतो ती त्या आधारावर. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची वेधशाळा मैत्रीवर चालते.

परंतु आमच्या मते खर्चाचे खरे समर्थन वेगळे आहे. १९५९ चा अंटार्क्टिक करार बारा राष्ट्रांनी केला. त्याआधी १९५६ मध्ये भारताने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेण्याची खटपट केली होती, तरी त्या बारांत भारत नव्हता. करारात निर्णयाचा अधिकार मिळतो तो तेथे भरीव संशोधन करणाऱ्यालाच. हा नियम श्रीमंतांच्या सोयीचा आहे यात शंका नाही, आणि १९८० च्या दशकात मलेशियाने संयुक्त राष्ट्रांत तसे ठणकावून सांगितलेही. भारत मात्र सप्टेंबर १९८३ मध्ये त्या मंडळात जाऊन बसला. तिसऱ्या जगाच्या एकजुटीच्या दृष्टीने ते शोभादायक नव्हते. तरीही दारापाशी उभे राहून निषेध करण्यापेक्षा आत बसून मत देणे उपयोगाचे ठरले. कारण त्या सभेत निर्णय एकमताने होतात. आज निर्णयाधिकार असलेली एकोणतीस राष्ट्रे आहेत, आणि त्यांपैकी एकाने नाही म्हटले तरी ठराव अडतो.

नाही म्हणण्याचा हा अधिकार किती मोलाचा असतो, ते १९८९ मध्ये दिसले. आदल्याच वर्षी वेलिंग्टन येथे अंटार्क्टिकातील खाणींना वाट मोकळी करून देणारा करार तयार झाला होता. ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स यांनी त्यावर सही करण्याचे नाकारले आणि तो करार निष्प्राण झाला. त्याच्या जागी १९९१ चा माद्रिदचा मसुदा आला. त्याच्या सातव्या कलमाने संशोधनाखेरीज खनिजांसंबंधीच्या प्रत्येक उद्योगास बंदी घातली. १९९८ पासून ती लागू आहे. भारताच्या संसदेनेही २०२२ मध्ये भारतीय अंटार्क्टिक कायदा करून ती आपल्या नागरिकांवर बंधनकारक केली.

आता गोंडवनाच्या या टोकाकडे पाहा. संसदेने तो कायदा केला त्याच्या पुढच्याच वर्षी, एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या लोहखाणीची उत्पादनमर्यादा वर्षाला तीस लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्यास मंजुरी मिळाली. ज्या डोंगरावर परिसरातील माडिया लोक दरवर्षी ठाकूरदेवाच्या यात्रेला जातात, त्याच डोंगराची ही गोष्ट. सिरोंच्यापुरते बोलायचे तर मेडीगड्डा धरणाचे उदाहरण ताजे आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्र आणि तेलंगण या दोन राज्यांत करार झाला, जून २०१९ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले, गोदावरीचे पाणी सिरोंचा तालुक्यातील शेतांत शिरले आणि नुकसानभरपाईसाठी शेतकऱ्यांना उपोषणे व मोर्चे करावे लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच धरणाचे खांब खचले. दोन राज्ये बोलली. नदीकाठच्या गावांना नाही म्हणण्याची सोय कोणी ठेवली नव्हती.

यावर उत्तर तयार असते: अंटार्क्टिकात माणसेच राहत नाहीत, तेथे रोजगाराचा प्रश्न नाही, म्हणून तेथला संयम स्वस्त आहे. यात तथ्य आहे, आणि आम्ही ते नाकारीत नाही. शिवाय बर्फाखालचे खनिज काढणे आज परवडणारे नाही, हेही त्या बंदीच्या यशाचे एक कारण आहे. पण म्हणून माणसे असलेल्या ठिकाणी सामायिक मालकी चालत नाही, असे ठरत नाही. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी सामायिक कुरणाचा नाश अटळ असल्याचे मांडले आणि अर्थशास्त्राच्या वर्गांत तो जणू सिद्धान्त म्हणून शिकविला गेला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या गावांचा अभ्यास करून तो खोडून काढला आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा की, त्याच वर्षी गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ पासून ते गाव स्वतःचा बांबू स्वतः विकते. त्या ग्रामसभेतही निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचा विरोध असला तरी चर्चा पुढे चालू राहते. एकोणतीस राष्ट्रांची सभा आणि काही शेकडा गोंडांची सभा यांनी सामायिक संपत्ती राखण्याची एकच रीत स्वतंत्रपणे शोधली आहे. दिल्ली आणि मुंबईतील सरकारे पहिलीचा गौरव करतात. दुसरीला पेसा कायद्याने १९९६ मध्ये जे दिले, ते खाणीचा प्रश्न आला की कागदावरच राहते.

म्हणून मैत्री-२ ला आमचा विरोध नाही. मात्र दोन गोष्टींचा खुलासा हवा. माद्रिदच्या मसुद्यात २०४८ नंतर कोणत्याही निर्णयाधिकारी राष्ट्राला फेरविचाराची मागणी करता येईल, अशी तरतूद आहे. त्या वेळी भारत खाणबंदीच्या बाजूने राहील, असे सरकारने आजच संसदेत निःसंदिग्धपणे सांगावे. आणि ज्या तत्त्वावर भारत कोचीत यजमान म्हणून मिरवला, तेच तत्त्व, म्हणजे संबंधितांच्या संमतीवाचून खोदकाम नाही, सूरजागडच्या पुढच्या विस्ताराला आणि सिरोंच्याच्या नद्यांवरील पुढच्या प्रत्येक प्रकल्पाला लागू करावे. तेथील ग्रामसभांचा ठराव सल्ला म्हणून नव्हे, तर निर्णय म्हणून नोंदवावा. ध्रुवावरून परतणाऱ्या भूशास्त्रज्ञांनीही एकदा वडधमच्या जीवाश्म-उद्यानाकडे वाट वाकडी करावी आणि आमच्या आश्रमशाळांतील मुलांना त्या दगडांचे अंटार्क्टिकाशी असलेले नाते सांगावे. वास्कोहून सिरोंचा लांब आहे खरे, पण मैत्रीहून पुष्कळच जवळ आहे.