ट्रॉलीमागचा दिवा



गाळप हंगामात रात्री तळेगाव ढमढेरेहून शिक्रापूरला किंवा न्हावऱ्याला जाणारा मोटारसायकलवाला एका गोष्टीला फार भितो : पुढे अंधारात चाललेली उसाची ट्रॉली. तिच्यातला ऊस आपलाच असतो.

ड्रायव्हरला विचारले की ठरलेले उत्तर येते, "साहेब, वायरिंगच गेलंय, हंगाम संपल्यावर बघू." आमचा अनुभव असा की सगळे वायरिंग क्वचितच जाते, बहुतेक वेळा अर्थिंग जाते. दिव्यातला करंट परत फिरतो तो पुष्कळ ट्रॉल्यांत सांगाड्यातून व हुकाच्या पिनेतून. तिथे गंज-माती बसली की दिवे मंद होतात, इंडिकेटर लावला तर मागचे लाल दिवेही लुकलुकतात. असे दिसल्यास नवे बल्ब आणण्यात पैसे घालू नयेत. ट्रॅक्टरच्या सॉकेटपासून ट्रॉलीपर्यंत अर्थिंगची स्वतंत्र वायर ओढावी आणि सांगाड्याचा रंग खरवडून बोल्टाखाली घट्ट आवळावी.

दिवा मुळीच लागत नसेल तर १२ व्होल्टच्या बल्बला दोन वायरी जोडून घ्याव्या. दिव्याचे बटण चालू ठेवून एक वायर सॉकेटच्या पिनेला, दुसरी ट्रॅक्टरच्या उघड्या लोखंडाला लावावी. बल्ब पेटला नाही तर आधी फ्यूज पाहावा. पेटला तर दोष मागे आहे : वळणावर ताणून तुटलेली केबल, नाहीतर गंजलेला होल्डर. दोन ट्रॉल्या असतील तर मधला जोडही तपासावा.

"रिफ्लेक्टर लावलेत की," असे कोणी म्हणेल. रिफ्लेक्टर हवेतच, पण ते दुसऱ्याचा उजेड पडला तरच चमकतात. ब्रेक लागला, ट्रॉली वळते आहे, हे ते सांगत नाहीत. वर वाढे लोंबले की तेही झाकतात.

दोष एकट्या ड्रायव्हरचा नाही. खेपा वाढवा म्हणून घाई आपण सर्वांनीच लावली, त्यात आमचे शेतकी खातेही आले. बिनदिव्याची ट्रॉली काट्यावर अडवावी, असे काहीजण सुचवतात. आम्हांस ते पटत नाही, कारण ऊस वाळून तोटा सभासदाचाच होतो. त्यापेक्षा फडात मोळी चढण्यापूर्वी, दिवसाउजेडी, रिकाम्या ट्रॉलीचे दिवे सभासदाने स्वतः लावून पाहावेत. कारखान्यानेही यार्डात रात्रपाळीला वायरमन व बल्ब ठेवावेत, म्हणजे आलेली ट्रॉली दुरुस्त होऊनच परत जाईल.

खेप थोडी उशिरा गेली तरी चालेल. त्या रस्त्याने आपलीच पोरे घरी येत असतात.